पाय सोडून बाकी सगळ्याची तयारी

पुण्यात पासष्टीच्या पुढचा असा एकही माणूस सापडणार नाही, जो तरुणपणी सायकलवरून लोणावळ्याला जाऊन आलेला नाही. काहीजण मुंबईला गेलेत, एकदोघं पंढरपूरला. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तर डबलसीट महाबळेश्वरला गेले होते, आणि 'मागे बसलेला माझ्यापेक्षा जाड होता' हेही ते न चुकता सांगतात. यातल्या कुणीही कसलीही तयारी केली नव्हती. पायात रबरी चपला, खिशात शेंगदाणे, कॅरिअरला पंप, निघाले. अशा गावात तुम्ही 'दोनशे किलोमीटर जायचंय, काही महिने तयारी चाललीय' असं सांगितलंत, की काका चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "का? रस्ता पण तुम्हीच बांधणार आहात?"

काकांना कसं सांगणार की जाणं सोपं आहे, अवघड आहे ती तयारीच. पॅरिसमध्ये १९०४ साली स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पारिसिएन नावाचा एक क्लब आहे. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचे नियम त्याने घालून दिले आणि जगभरच्या सज्जनांनी ते निमूटपणे पाळायला घेतले. आपल्याकडे सायकलवाली मंडळी या प्रकाराला नुसतं 'बीआरएम' म्हणतात. वेळेची मर्यादा ठरलेली: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. चारही एकाच हंगामात पूर्ण केलीत तर तुम्ही 'सुपर रँडोनर'. ही पदवी नावामागे लावता येत नाही, पण गप्पांच्या तिसऱ्या वाक्यात आणता येते आणि आणलीही जाते. यापुढचं तीर्थक्षेत्र म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास, दर चार वर्षांनी एकदा. १८९१ साली ती शर्यत म्हणून पहिल्यांदा झाली तेव्हा शार्ल तेराँ नावाचे गृहस्थ साधारण ७१ तासांत परत आले. पुढे त्या शर्यतीच्या नावाने तिथल्या हलवायांनी सायकलच्या चाकाच्या आकाराची एक मिठाईही काढली. पुण्यात इतकी वर्षं इतक्या सायकली फिरल्या, पण आपल्या मिठाईवाल्यांना काही चाकाची बर्फी सुचली नाही. सुचली असती तरी दुपारी एक ते चार मिळाली नसती.

तर माझ्या दोनशेचा मार्ग पुणे-पाचगणी-पुणे. जाताना खंबाटकी घाट, वाईनंतर पसरणीचा घाट, वर गेलात की हजेरीच्या कार्डावर शिक्का आणि लगेच मागे फिरायचं. हे ऐकून काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे टेबललँडसुद्धा बघायचा नाही? मग जायचं कशाला? स्वारगेटहून एसटी आहे, खिडकी मिळते."

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. तो दूधवाला विचारतो, बँकेतला शिपाई विचारतो, सासरचे विचारतात. "पहिल्याला काय मिळतं?" इथे पंचाईत होते, कारण बीआरएममध्ये पहिला कुणी नसतोच. ही शर्यत नव्हे. सहा तासांत आलेला आणि तेरा तास एकोणतीस मिनिटांनी आलेला, दोघांची नावं एकाच यादीत, नंबराशिवाय. मराठी मध्यमवर्गाला नंबराशिवायची यादी सहन होत नाही. आमच्या मातोश्रींना तर संशय आला, की मी शेवटून कितवा येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे ही थाप मारतोय. "बरं, मेडल तरी देतात का?" देतात, पण त्याचे पैसे आपण भरायचे. हे कळल्यावर मातोश्री सौभाग्यवतींकडे वळल्या आणि त्या दोघींमध्ये जी नजरानजर झाली ती गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याच विषयावर झाली नव्हती.

घरच्यांना धीर यावा म्हणून मी थोरामोठ्यांची उदाहरणं काढली. नाशिकचे महाजन बंधू २०१५ साली 'रेस ॲक्रॉस अमेरिका' या सुमारे ४८०० किलोमीटरच्या स्पर्धेत दोघांच्या गटात जिंकले. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली, तोवर एकाही भारतीयाला ते जमलं नव्हतं. गंमत अशी, की हे चौघेही डॉक्टर. म्हणजे शरीराचं पुढे काय होणार हे पुस्तकातून शिकलेले लोक, तरी गेले. मी हे अभिमानाने सांगितलं. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "त्यांना औषधं स्वतःची स्वतः लिहिता येतात. तुमचं काय?"

साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे ताशी जेमतेम पंधरा किलोमीटर. हा वेग पूर्वी तार घेऊन येणाऱ्या पोस्टमनचा. कागदावर मांडलं की हसू येतं. पण त्या साडेतेरा तासांतलं घड्याळ थांबत नाही. पंक्चर त्यात, घाट त्यात, सिग्नल त्यात आणि चहाही त्यातच. आपला 'दहा मिनिटांचा चहा' वीस मिनिटांचा असतो हे कुणाही मराठी माणसाला मान्य आहे. असे पाच चहा झाले की शंभर मिनिटं गेली, म्हणजे पंचवीस किलोमीटर आपण चहात बुडवले. त्यामुळे अनुभवी मंडळी सांगतात, की जोरात चालवायला शिकू नका, लवकर उठायला शिका. माणसाने टपरीवरच्या बाकड्यावरून लवकर उठायला शिकायचं, तेही चर्चा रंगात आलेली असताना! हा सराव पसरणीपेक्षा अवघड आहे, आणि त्याचा कोच कुठेही मिळत नाही.

शिवाय पुरावे गोळा करायचे. ठरलेल्या ठिकाणी माणूस शिक्का घेऊन बसलेला असेल तर ठीक, नाहीतर वेळ छापलेली पावती आणायची. टपरीवर चहा पिऊन बिल मागितलं की तो मालक आपल्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. पिवळं जाकीट, चकचकीत चष्मा, डोक्यावर टोप. "इन्कम टॅक्सचे का तुम्ही?" मग एटीएम शोधायचं आणि चिठ्ठी छापून घ्यायची. त्या चिठ्ठीवर वेळेबरोबर खात्यातली शिल्लकही छापलेली असते. सायकलची खरेदी झालेल्या महिन्यात ती शिल्लक न बघता चिठ्ठी घडी घालून ठेवणं, हीसुद्धा तयारीच आहे.

खरेदीचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. सायकलची दुकानं दोन प्रकारची. एक काचेचं, एक घमेल्याचं. काचेच्या दुकानात आत शिरताना पायपुसणं असतं, आणि आपल्याला 'सर' म्हणणारा, पोटऱ्या दगडी असलेला एक मुलगा असतो. तो किंमत सांगत नाही, 'ही तुम्हाला न्याय देईल' म्हणतो. सायकल आपल्या मापाला बसवून घ्यायची असते, त्यासाठी पायाची लांबी, हाताची लांबी, खांद्यांची रुंदी मोजतात. मग एका मऊ गादीवर बसवतात, उठवतात, आणि गादीवर उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहून घेतात. ही आपली बैठकीची दोन हाडं. आमच्या लग्नात दोन्हीकडच्या गुरुजींनी पत्रिका बघितल्या होत्या, पण एवढ्या बारकाईने कुणीच काही बघितलं नव्हतं.

मग वजनाचं पुराण सुरू होतं. पाण्याची बाटली अडकवायची जाळी साधी घेतली तर जड, कार्बनची घेतली तर काही ग्रॅम वाचतात आणि काही हजार जातात. ग्रॅमांवर एवढी गहन चर्चा मी सराफाच्या पेढीवरही ऐकलेली नाही. चर्चा करणाऱ्या तिघांच्या पोटांची मिळून जी बेरीज होत होती तिच्याकडे मात्र कुणी पट्टी नेली नाही. तिथून बाहेर पडल्यावर त्यातल्याच एकाने पाव किलो बाकरवडी घेतली.

घमेल्याचं दुकान आमच्या कोपऱ्यावर आहे. पाणी भरलेलं घमेलं, कानस, सोल्यूशनची ट्यूब, आणि भिंतीला टांगलेल्या मेलेल्या ट्यूबा. तिथले मामा पिढ्यान् पिढ्यांच्या चाकांचा आऊट काढत आलेत. 'ओव्हरऑइलिंग' म्हटलं की ते सगळी सायकल सोडवून छर्रे रॉकेलात टाकतात आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उभी करतात. माझी नवी सायकल त्यांनी पहिल्यांदा उचलून बघितली, मग सीटवर टिचकी मारली, मग व्हॉल्व्हपाशी थांबले. हा फ्रेंच व्हॉल्व्ह. बारीक, लांब, टोकाला इवलासा नट. तो नट आधी सैल करायचा, मग हवा भरायची, मग पुन्हा आवळायचा. मामांच्या पंपाचं तोंड त्यावर बसेना. त्यांनी अंगठा लावून पाहिला, फडकं गुंडाळून पाहिलं, शेवटी व्हॉल्व्हकडे थोडा वेळ आदराने बघितलं आणि म्हणाले, "साहेब, माल चांगलाय. पण तो जिथला आहे ना, तिथंच पंक्चर होत जा."

यावर उपाय म्हणजे पितळेचा एक छोटासा तुकडा. तो व्हॉल्व्हवर फिरवून बसवला की आपला कुठलाही पंप चालतो. किंमत किरकोळ, आकार असा की हातातून पडला की गवतात कायमचा गेला. ज्यांना काही कळतं ते असे दोन-तीन ठेवतात आणि वेगवेगळ्या खिशांत ठेवतात. दोनशे किलोमीटरची सगळी प्रतिष्ठा त्या तुकड्यावर उभी असते.

पंक्चर आपलं आपण काढता यायला हवं, कारण शिक्क्याची ठिकाणं सोडून वाटेत कुणाची मदत ठरवून घेता येत नाही. फोन करून मेहुण्याला गाडी घेऊन बोलावलं तर बाद. म्हणून मी दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरून मागच्या चाकाचा सराव मांडला. मागचंच चाक, कारण पंक्चर बहुतेक वेळा मागचंच होतं आणि चेन तिथेच असते. टायर सोडवायला दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या. एक आऱ्याला अडकवायची, दुसरी रिमच्या कडेने सरकवायची. ट्यूब बाहेर येते. इथवर कुणीही पोचतो. खरी गोम यानंतर आहे. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या केसाएवढ्या बारीक तारा पडलेल्या असतात, आणि आपण सायकलवाले नेमके त्याच कडेने जातो. ती तार टायरमध्ये घुसून बसते आणि डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून सगळीकडे हळूहळू बोट फिरवत जायचं, टोचलं की सापडली. ती उपटून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालणाऱ्याला दहाव्या मिनिटाला पुन्हा खाली बसावं लागतं.

मी असा मांडीवर चाक घेऊन, डोळे मिटून, टायरच्या आतून बोट फिरवत बसलो होतो, तेव्हा नात्यातलं एक जोडपं मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलं. माझे हात कोपरापर्यंत काळे, त्यामुळे नमस्कार लांबूनच झाला. "चालू द्या, चालू द्या," म्हणत त्यांनी पत्रिका सौभाग्यवतींच्या हातात दिली आणि चहा अर्ध्यावर ठेवून ते उठले. जिन्यात त्या बाईंनी विचारलेलं वर स्पष्ट ऐकू आलं, "नोकरी सुटली का हो यांची?"

कपड्यांबद्दल थोडक्यात आणि अदबीने लिहितो. सायकलच्या चड्डीला आतून जाड गादी शिवलेली असते, आणि तिच्या आत दुसरं काहीही घालायचं नसतं. शिवण घासते म्हणून. ही माहिती देताना दुकानातला तो दगडी पोटऱ्यांचा मुलगासुद्धा आवाज खाली आणतो. चड्डी धुऊन गॅलरीत वाळत घालायची तर उलटी करावी लागते, कारण गादी लवकर वाळत नाही. दुसऱ्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या आजींनी सौभाग्यवतींना भाजीवाल्यापाशी गाठून हळुवारपणे विचारलं, "घरात कुणी अंथरुणाला खिळलंय का?" तेव्हापासून आमच्याकडे ती चड्डी पंख्याखाली वाळते.

प्रत्यक्ष सायकल चालवण्याच्या सरावाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आधी खडकवासला, मग सिंहगडाचा पायथा, मग बोपदेव घाट, मग एकदा शंभर. अंतर हळूहळू वाढवायचं, आठवड्यातून एक दिवस तरी स्वस्थ पडून राहायचं. हा एकच भाग असा, की जो ठरल्याप्रमाणे होतो. प्रत्येक सराव मिसळीपाशी संपतो हेही ठरल्याप्रमाणे. पहाटे गावाबाहेरचे कुत्रे मागे लागले तर जोर न काढता खाली उतरावं आणि सायकल मध्ये धरून चालावं, हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. देणाऱ्यांपैकी एकही जण स्वतः उतरला नव्हता.

खाण्याचा सराव मात्र मनापासून करावा लागतो. स्नायू आणि यकृतात मिळून साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम साखरेचा साठा असतो. नुसत्या त्याच्यावर जोर काढत राहिलं तर काही तासांत तो संपतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस मैलाच्या दगडाशी बोलायला लागतो. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. एका बाटलीत पाणी, दुसरीत इलेक्ट्रल. एरवी 'हात आवरा' म्हणणाऱ्या घरात आता दर तासाला खाण्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असतं. परदेशी जेलच्या पुड्या मिळतात. त्या चवीला मुलांच्या खोकल्याच्या औषधावरून बेतलेल्या असाव्यात. त्यापेक्षा केळं, बिया काढलेला खजूर, चिक्की, आणि गूळ-तुपाची पोळी गुंडाळून फॉइलमध्ये. फक्त राजगिऱ्याच्या लाडवापासून चढावर सावध राहा. लाडू तोंडात असताना श्वास आत घेतला तर दाणे थेट फुप्फुसात आणि बाहेर सोडला तर पुढच्याच्या पाठीवर. आणि पाचगणीला पोचल्याच्या आनंदात स्ट्रॉबेरी क्रीमचा मोठा ग्लास रिचवून पसरणी उतरायला निघू नका. वळणावळणाला ते क्रीम आपली आठवण करून देतं.

हे सगळं एका पिशवीत बसवायचं. दोन ट्यूब, पंप, पट्ट्या, पितळी तुकडे, पान्यांचा संच, पुढचा दिवा, मागचा लाल दिवा, दोन्हींचे चार्जर, चमकणारं जाकीट, कार्ड ओलं होऊ नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी. दिवे, जाकीट आणि हेल्मेट नीट असल्याशिवाय सुटू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग आई सुंठीची वडी देते, सौभाग्यवती डोकेदुखीचं मलम ठेवतात, आणि काका आपला जुना गळपट्टा आणून देतात, घाटात वारं असतं म्हणून. कार्बनच्या जाळीने वाचवलेले ग्रॅम त्या गळपट्ट्याने व्याजासकट वसूल केले.

आदल्या रात्री मेतकूट-भात खाऊन नऊला आडवं व्हायचं. झोप येत नाही, ती कुणालाच येत नाही. पहाटे चारला उठून पोटाला समजुतीच्या चार गोष्टी सांगायच्या. ते ऐकत नाही. आंधळी कोशिंबीर खेळावी तसं अंधारात किल्ली, मोजे, कार्ड शोधायचं आणि सहाच्या आत सुरुवातीच्या जागी हजर व्हायचं. तिथे तुमच्याचसारखी न झोपलेली, न ऐकणाऱ्या पोटाची माणसं असतात. त्यातले निम्मे एकमेकांना टायरमधली हवा विचारत असतात.

बाकी दुखण्याचं म्हणाल तर ते आधीच सांगून ठेवतो. मान दुखते, तळहात दुखतात, हँडलवर भार देऊन करंगळ्या बधिर होतात, बैठकीबद्दल तर बोलायलाच नको. पाय मात्र बिचारे फारशी तक्रार करत नाहीत. ज्यांच्यासाठी एवढा खर्च व्हायला हवा होता आणि झाला नाही, तेच सगळ्यात शहाणे निघतात.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. रविवारी पहाटे गाडीने साताऱ्याकडे जाताना कडेला लाल दिवा लुकलुकत असेल, तर थोडं लांबून जा आणि अगदी पाठीशी येऊन हॉर्न मारू नका. तुम्ही मागे आहात हे त्या सायकलवाल्याला कळलेलं असतं. आणि टपरीवर भेटलात तर 'कितवा नंबर?' विचारू नका, 'चहा घेणार का?' एवढंच विचारा. तो घेईल. फक्त त्याला दहा मिनिटांत उठवा.